'धंद्याला प्रोच लागतं' असं दुकानदार सांगतो तेव्हा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: तालुक्याच्या गावी जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रं भरून देणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांच्या हाताखाली दोन मुली काम करतात. ऑफिसात विंडोज १० असलेले दोन जुने डेस्कटॉप आहेत, त्यांतल्या एकावर 'प्रो' असं दिसतं ('होम' आणि 'प्रो' या विंडोजच्याच दोन आवृत्त्या). आता दोन लॅपटॉप घ्यायचे आहेत. दुकानदार म्हणतो, "धंद्याला होम चालत नाही, प्रोच घ्या," आणि त्यासाठी एका लॅपटॉपमागे सात हजार रुपये जास्त सांगतो. भाचा म्हणतो, होम घे, प्रोची प्रॉडक्ट की ऑनलाइन सहाशे रुपयांत मिळते. भाच्याचा मित्र 'एलटीएससी' नावाची विंडोजची वेगळी आवृत्ती टाकून द्यायला तयार आहे, त्यात अपडेटची कटकट नसते म्हणून. अशिलांचे पॅन, आधार, बँकेचे कागद ताईंकडे असतात. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर तिघींनी मिळून वापरायचं आहे आणि रात्री घरून ऑफिसचा संगणक उघडता आला तर हवं आहे. "आत्ता चुकलं तर पुढे अडकायला नको," असं त्या लिहितात.

नमस्कार ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू. नेमकं कुठल्या बाजूला अडकायला होतं, हे कळलं की निम्मा प्रश्न सुटेल. होमवरून प्रोवर कधीही जाता येतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात ॲक्टिव्हेशन, आणि तिथे आवृत्ती वाढवायचा पर्याय असतो. पैसे भरायचे किंवा अस्सल प्रॉडक्ट की टाकायची. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, फायली आणि टॅली जागच्या जागी राहतात. उलटा प्रवास मात्र तसा नाही. प्रोवरून होमवर यायचं तर सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं लागतं. म्हणजे आज होम घेतलंत आणि सहा महिन्यांनी प्रोची गरज पडली, तर तेव्हा पैसे भरून पुढे जाता येईल. आज घाईने प्रो घेतलंत तर ते सात हजार मात्र गेलेच.

"धंद्याला होम चालत नाही" हे वाक्य बऱ्याच दुकानांत ऐकू येतं. त्याचं मूळ बहुधा विंडोजमध्ये नसून ऑफिसमध्ये आहे. आपल्याकडच्या कितीतरी लॅपटॉपांसोबत 'ऑफिस होम अँड स्टुडंट' येत असे, आणि त्याच्या परवान्यात व्यावसायिक वापराला मनाई आहे. विंडोज होमच्या परवान्यात तशी अट नाही. तुम्ही त्यावर अशिलांची विवरणपत्रं भरू शकता. त्यामुळे दुकानदाराला विंडोजबद्दल विचारण्याआधी हे विचारा: सोबत कुठलं ऑफिस येतंय? एक्सेल तुम्हाला रोज लागतं, त्यामुळे परवान्याची खरी अडचण तिथे निघू शकते.

आणखी दोन समजुती तुमच्या पत्रात न लिहिताही जाणवतात: प्रो जास्त वेगात चालतं आणि प्रोला व्हायरस लागत नाही. दोन्ही आवृत्त्यांचा गाभा एकच आहे, विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस, डिफेंडर, तेच आहे, सुरक्षेचे अपडेट एकाच दिवशी येतात आणि दरवर्षी येणाऱ्या प्रत्येक नव्या व्हर्जनला मिळणारा पाठिंबाही दोघांना सारखाच, २४ महिने. होम १२८ जीबीपर्यंत रॅम चालवतं, तुम्हाला १६ जीबी भरपूर होईल. वेग हवा असेल तर ते सात हजार रॅमवर आणि मोठ्या एसएसडीवर घाला, फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

मग प्रोमध्ये जास्त काय मिळतं? मोठ्या कंपनीचे संगणक एका जागेवरून हाताळण्याची सोय, ग्रुप पॉलिसी, हायपर-व्ही, सँडबॉक्स, डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरवर पूर्ण ताबा, आणि बाहेरून येणारं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसऱ्या जागेवरून हा संगणक उघडणं, स्वीकारण्याची क्षमता. यांतली पहिली सोय आणि तिच्यासोबतची ग्रुप पॉलिसी तुमच्या तिघींच्या ऑफिसला लागत नाही. हायपर-व्ही आणि सँडबॉक्स कशासाठी असतात हे विचारावं लागत असेल, तर ते तुम्हाला नको आहेत. उरलेल्यांचा हिशेब तुमच्या कामाप्रमाणे मांडू.

टॅली आधी घेऊ. एका संगणकावरचं फोल्डर दुसऱ्याला शेअर करणं होममध्येही होतं. जोडणी २० उपकरणांपर्यंत चालते आणि तुमची चारच आहेत. तिघींना एकाच वेळी काम करता येईल की नाही, हे विंडोज ठरवत नाही, टॅलीचा परवाना ठरवतो. टॅलीप्राइम सिल्व्हर एका माणसासाठी असतं, गोल्ड एका नेटवर्कवरच्या अनेकांसाठी. तुमच्याकडे सिल्व्हर असेल तर चारही संगणकांवर प्रो टाकूनही तिघी एकत्र काम करू शकणार नाहीत. इथे एक खाचखळगा सांगून ठेवतो. विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून प्रोमध्ये शेअरिंगचे नियम कडक झाले आहेत. समोरचं यंत्र पासवर्ड न मागता फोल्डर देत असेल, तर प्रो ते उघडायला नकार देतं. जुनं स्टोरेज किंवा राउटरला लावलेली हार्ड डिस्क असलेल्या ऑफिसांत 'काल चालत होतं, आज चालत नाही' अशी तक्रार येते, तिचं कारण बरेचदा हेच. गुगलवर सापडलेली युक्ती वापरून तो नियम बंद करू नका. ज्या संगणकावर टॅलीचा डेटा आहे, तिथे तिघींसाठी पासवर्डसह खाती उघडा आणि फोल्डर त्याच खात्यांना शेअर करा.

आता घरून ऑफिसचा संगणक उघडण्याबद्दल. इथे प्रोचा खरा संबंध येतो, पण लोक समजतात तसा नाही. ज्या यंत्रात शिरायचं, त्यावर प्रो लागतं. ज्यावर बसून शिरायचं, ते होम असलं तरी चालतं. आणि तुमच्या ऑफिसातल्या एका डेस्कटॉपवर प्रो आधीच आहे! तो परवाना अस्सल असेल आणि ते यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत असेल, तर तिथलं विंडोज १० प्रो फुकटात विंडोज ११ प्रो होतं. टॅलीचा डेटा त्या डेस्कटॉपवर ठेवा आणि घरच्या होम लॅपटॉपवरून तिथे शिरा. नवं प्रो विकत घ्यायची वेळच येत नाही.

त्यासाठी आधी तीन गोष्टी तपासायच्या आहेत.

पहिली, परवाना. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, उघडा आणि इंग्रजी अक्षरांत एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि डी-एल-आय असं टाइप करून एंटर दाबा. काही सेकंदांनी छोटी खिडकी उघडेल. तिथे 'ओईएम' दिसलं तर परवाना त्या यंत्राच्या मदरबोर्डला बांधलेला आहे, 'रिटेल' दिसलं तर स्वतंत्र विकत घेतलेला आहे. 'व्हॉल्यूम' दिसलं तर थांबा. तसा परवाना कंपन्यांना घाऊक दिला जातो. तुमच्या ऑफिसने तो कधी घेतला नसेल, तर तुमच्या यंत्रावर तो असायचं कारण नाही. 'केएमएस' (घाऊक परवाने चालू करायची पद्धत) हा शब्दही असेल, तर बहुधा डेस्कटॉप जोडून देणाऱ्याने ॲक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालू करणारं सॉफ्टवेअर, वापरलेला आहे. असे ॲक्टिव्हेटर चालावेत म्हणून बरेचदा डिफेंडर बंद केलेलं असतं, म्हणून तेही उघडून पाहा. अशा यंत्रावर अशिलांचे कागद एक दिवसही ठेवू नयेत. ते पुसून नव्याने विंडोज टाकावं आणि परवाना विकत घ्यावा.

दुसरी, यंत्राची पात्रता. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवून पाहा. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि पात्र यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेल असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढे. 'टीपीएम नाही' असं उत्तर आलं तरी लगेच यंत्र भंगारात काढू नका. बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ते नुसतं बंद असू शकतं, इंटेलमध्ये 'पीटीटी' आणि एएमडीमध्ये 'एफटीपीएम' या नावाने. प्रोसेसरच जुना असेल, तर मात्र काहीतरी युक्ती करून विंडोज ११ बसवू नका. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठीच्या वाढीव सुरक्षा योजनेत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर त्याचे पैसे पडत नाहीत. डेस्कटॉप बदलायची ती मुदत समजा.

तिसरी गोष्ट, वीज. रात्री घरून शिरायचं तर तो डेस्कटॉप जागा हवा. पॉवर सेटिंग्जमध्ये 'स्लीप' हे 'नेव्हर' करा. आणि गावात वीज जाते-येते, म्हणून बायॉसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा त्यासारख्या नावाचा पर्याय चालू करा, म्हणजे वीज आल्यावर डेस्कटॉप आपोआप सुरू होईल. हे राहून गेलं तर बाकी सगळी जोडणी बरोबर असूनही रात्री दहाला पडद्यावर नुसतं 'कनेक्ट होत नाही' दिसेल.

रिमोट डेस्कटॉपबद्दल दोन इशारे. प्रो एका वेळी एकाच माणसाला आत घेतं. तुम्ही घरून शिरलात की ऑफिसातला पडदा लॉक होतो. 'एका प्रोवर तिघी बसवून देतो' असं कुणी म्हणालं, तर तो परवान्याबाहेरची खटपट करतोय. त्यासाठी विंडोज सर्व्हर आणि त्याचे वेगळे परवाने लागतात. दुसरा इशारा जास्त गंभीर आहे. राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर ठेवू नका. पासवर्ड ओळखून आत शिरायचं आणि सगळ्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागायची, हा खंडणीखोरांचा ठरलेला रस्ता आहे. राउटरमध्ये व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित, खासगी रस्ता) असेल तर आधी त्यातून आत या. ते जमणार नसेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरा, त्याला पोर्ट उघडावं लागत नाही आणि ते होमवरही चालतं. एनीडेस्कसारखं साधन वापरलंत तर काम झाल्यावर बंद करा आणि त्याचा क्रमांक फोनवर कुणालाही सांगू नका. त्याच मार्गाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं.

आता अशिलांचे कागद. खरं तर तुमच्या पत्रातला सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे, होम-प्रोचा वाद त्याच्यापुढे लहान. एसटीत लॅपटॉप विसरला किंवा चोरीला गेला, तर विंडोजचा पासवर्ड कामाला येत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली की सगळं वाचता येतं. त्यावर उपाय एकच, डिस्क एन्क्रिप्ट करणं, म्हणजे कीशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशी करणं. दुकानदार सांगेल की बिटलॉकर फक्त प्रोमध्ये आहे. नाव त्याचं बरोबर आहे, पण होममध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असतं आणि त्याच्या पोटात तंत्र तेच आहे. प्रोमध्ये कुठली डिस्क, कुठला पिन हे तुम्ही ठरवता. होममध्ये फक्त चालू किंवा बंद. लॅपटॉप हरवण्यापासून बचाव दोन्हींत होतो. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली ते चालू आहे का, हे पाहून घ्या.

इथेच सर्वांत वाईट घोटाळा होतो आणि तो दुकानात होतो. नव्या लॅपटॉपमध्ये होम सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. गिऱ्हाईक घाईत असतं, म्हणून दुकानातला मुलगा दुकानाच्या किंवा त्याच क्षणी बनवलेल्या ईमेलने लॅपटॉप सुरू करून देतो. एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप अडलं तर उघडायची किल्ली, त्या परक्या खात्यात जाऊन बसते. पुढे वर्षभराने बायॉसचा अपडेट येतो किंवा मदरबोर्ड बदलावा लागतो, आणि लॅपटॉप निळ्या पडद्यावर ती की मागतो. ईमेल कुणालाच आठवत नसतं. अशा वेळी डेटा गेला तो गेलाच, मायक्रोसॉफ्टसुद्धा तो उघडून देऊ शकत नाही. सोबत आलेलं ऑफिसही त्याच खात्याला चिकटलेलं असतं. म्हणून दुकानात सांगा: लॅपटॉप सीलबंद द्या, सुरुवात मी घरी करीन. तपासणीसाठी त्यांनी उघडलाच असेल, तर सेटिंग्ज, अकाउंट्स, 'युवर इन्फो'मध्ये कुणाचा ईमेल आहे ते बघितल्याशिवाय काउंटर सोडू नका.

पेन ड्राइव्हचं मात्र वेगळं आहे. पेन ड्राइव्हला कुलूप लावायची सोय फक्त प्रोमध्ये आहे. कुलूप लावलेला ड्राइव्ह पासवर्ड देऊन उघडणं होममध्येही होतं. तुमचा प्रो डेस्कटॉप इथेही कामी येईल: ड्राइव्हला कुलूप तिथे लावा, वापरा कुठेही. मदतनीस मुलींना मात्र लॅपटॉपवर 'स्टँडर्ड' खातं द्या, 'ॲडमिनिस्ट्रेटर' नको. तेवढ्याने भलतंसलतं सॉफ्टवेअर बसणं बरंचसं थांबतं, आणि ते होममध्ये सहज होतं.

अपडेटच्या कटकटीकडे वळू, कारण एलटीएससीचा मोह तिथूनच येतो. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मध्ये कुठेही येतो. आणि मासिक जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राची, मुदत ११ तारीख! म्हणजे ऐन गर्दीत लॅपटॉप 'अपडेट होत आहे, बंद करू नका' म्हणून अडून बसतो, ही तुमची चिडचिड रास्त आहे. पण उपाय होममध्येच आहे. दर महिन्याच्या ७ तारखेला विंडोज अपडेटमध्ये जाऊन 'पॉज' एका आठवड्यासाठी दाबा, आणि १४ तारखेनंतर अपडेट करून घ्या. होममध्ये पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. 'ॲक्टिव्ह अवर्स'मध्ये तुमच्या कामाच्या वेळा टाका आणि 'अपडेट मिळताक्षणी द्या' असा जो खटका आहे, तो बंद ठेवा. प्रोमध्ये हेच काम एकदा नियम लावून कायमचं करता येतं, सुरक्षेचे अपडेट ३० दिवसांपर्यंत आणि मोठे ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतात. दोन लॅपटॉपांसाठी महिन्यातून एकदा बटण दाबणं हेच सोपं.

एलटीएससी एटीएम, कारखान्यातली आणि रुग्णालयातली यंत्रं यांच्यासाठी केलेलं आहे, जिथे वर्षानुवर्षं काही बदलायचं नसतं. त्यात सुरक्षेचे अपडेट येतातच, फक्त नव्या सोयी येत नाहीत. तो परवाना कंपन्यांना घाऊक करारात किंवा यंत्र बनवणाऱ्यांना मिळतो, दुकानात सुटा मिळत नाही. भाच्याचा मित्र ते कुठून आणणार, याचं उत्तर तुम्हालाही कळतं.

सहाशे रुपयांच्या प्रॉडक्ट कीचंही तेच. कुठल्यातरी कंपनीच्या घाऊक परवान्यातून फुटलेली किंवा भंगारातल्या यंत्राची की बरेचदा अशी विकली जाते. ती पहिल्या दिवशी चालते, म्हणून लोक चांगला अभिप्राय लिहितात. पुढे ती रद्द झाली की पडद्यावर 'ॲक्टिव्हेट करा' उमटतं आणि विक्रेत्याचा नंबर बंद असतो. कधी की 'एन' आवृत्तीची निघते, ती युरोपसाठी मीडिया प्लेअर काढून केलेली आहे, आणि आपल्याकडच्या विंडोजवर लागत नाही. दुसऱ्यांची हिशेबाची कागदपत्रं सांभाळणाऱ्या ऑफिसात परवानाच संशयाचा नसावा, असं मला मनापासून वाटतं.

लॅपटॉप बघायला जाल तेव्हा बहुतेक खोक्यांवर 'होम सिंगल लँग्वेज' लिहिलेलं असेल. घाबरू नका. विंडोजचे मेनू एकाच भाषेत राहतील, एवढाच त्याचा अर्थ. मराठी टाइप करायला काहीच आडकाठी नाही. सेटिंग्ज, 'टाइम अँड लँग्वेज', 'लँग्वेज अँड रीजन'मध्ये मराठी जोडा, कीबोर्डमध्ये 'फोनेटिक' किंवा इनस्क्रिप्ट निवडा, आणि विंडोज बटण धरून स्पेसबार दाबलं की भाषा बदलते. मेनूसुद्धा मराठीत हवे असतील, तर साधं होम किंवा प्रो मागा. 'एस मोड' लिहिलेलं असेल तर त्यात फक्त स्टोअरमधली ॲप बसतात, टॅली बसत नाही. तो मोड ॲक्टिव्हेशनच्याच पानावरून फुकट काढता येतो, पण 'स्विच टू विंडोज होम' दाबायचं, शेजारचं 'अपग्रेड' नाही, त्याचे पैसे पडतात. आणि स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा लॅपटॉप कितीही हलका दिसला तरी तुमच्यासाठी नको. डिजिटल सहीच्या टोकनचे आणि जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर त्यावर चालतीलच असं नाही, आणि सहीवाचून तुमचं काम अडेल.

तेव्हा दोन्ही लॅपटॉप होम घ्या आणि डेस्कटॉपचा प्रो परवाना तपासा. तो खोटा निघाला आणि रिमोट डेस्कटॉप किंवा पेन ड्राइव्हचं कुलूप हवंच असेल, तर चारपैकी एकाच यंत्रासाठी अस्सल प्रो विकत घ्या. दहा-बारा माणसांचं ऑफिस झालं, प्रत्येकाला लॅपटॉप देऊन बाहेर पाठवायची वेळ आली, तर सरसकट प्रोचा विचार करा. तेव्हा ते लागेल. बिलावर विंडोजच्या आवृत्तीचं पूर्ण नाव आणि सोबतच्या ऑफिसचं नाव लिहून घ्या, नुसतं 'विंडोज ११ सहित' चालणार नाही.

लॅपटॉप घरी आला की पहिल्या संध्याकाळी स्वतःच्या ईमेलने सुरू करा. डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा. मग मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर 'डिव्हायसेस'मध्ये जाऊन ४८ आकड्यांची रिकव्हरी की दोन कागदांवर छापा, लॅपटॉपचं नाव वर लिहा, आणि एक कागद ऑफिसच्या कपाटात, दुसरा घरी ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नका.